उतरून गेलेल्यांची मोजणी

बेल्मिरोबद्दल कुणीतरी लिहून ठेवावं असं मला बरीच वर्षं वाटत होतं, आणि ते दुसऱ्या कुणी लिहावं असंही. पण त्याला ओळखणारे बहुतेक जण आता गेले. त्याच्या वहीत काय आहे आणि ती कशी चुकली, हे ठाऊक असलेला मी एकटाच उरलो. म्हणून जमेल तसं लिहितो.

बेल्मिरो ट्रामचा कंडक्टर होता. रिओच्या त्या जुन्या ट्रामना भिंती नव्हत्या. आडवी बाकं आणि दोन्ही बाजूंना लांब पायफळी, एवढंच. गर्दीच्या वेळी बाकांवर जितके बसलेले, तितकेच पायफळीवर लटकलेले असत. कंडक्टरला आतून जायला वाट नसे. तोही लटकलेल्यांच्या पाठीमागून, बाहेरच्या बाहेर, एका हाताने दांडा धरत पुढे सरकायचा. नोटा उभ्या घडीच्या, बोटांच्या बेचक्यांत. भाडं मिळालं की दोरी ओढायची. वर घंटा वाजून आकडा एकाने पुढे सरकायचा. कंडक्टर दोन भाडी कंपनीला देतो आणि तिसरं खिशात घालतो, असा विनोद तेव्हा पोराटोरांच्या तोंडी होता. बेल्मिरो त्यातला नव्हता. सत्तावीस वर्षांत त्याच्या आकड्यात कधी फरक निघाला नाही.

त्याचं खरं वैर होतं ते उडी मारणाऱ्यांशी. वळणावर ट्राम मंदावली की भाडं न देता उतरून जाणारे. अशा माणसांचे चेहरे तो वर्षानुवर्षं लक्षात ठेवायचा. आमच्या व्हिला इझाबेलच्या चौकात एखाद्या चांगल्या सुटाबुटातल्या माणसाकडे बोट दाखवून तो हळूच सांगायचा, की याने छत्तीस साली पावाच्या दुकानापाशी उडी मारली होती.

मी वर्तमानपत्राच्या छापखान्यात, अक्षरजुळणीच्या खात्यात कामाला होतो. रोज सकाळी त्याच्याच ट्रामने जायचो. माझी मुलगी लेनीर जन्मली तेव्हा बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून मी त्यालाच उभं केलं. तेव्हापासून आम्ही एकमेकांना ‘कोंपाद्री’ म्हणायला लागलो. त्याची बायको जांदीरा माझी ‘कोमाद्री’ झाली. आमच्याकडे हे नातं भावाच्या नात्यापेक्षा कमी नसतं. भावाशी भांडता येतं, कोंपाद्रीशी भांडायचं नसतं.

ट्राम बंद झाल्या तेव्हा बेल्मिरो पन्नाशीचा होता. त्याला शहराच्या मध्यभागी, शेअर बाजारापासून दोन गल्ल्यांवर, एका अकरा मजली इमारतीत लिफ्ट चालवायचं काम मिळालं. पायफळीवर वाऱ्यात सत्तावीस वर्षं काढलेला माणूस त्या लाकडी पेटीत स्टुलावर बसायला लागला. तरी माणसं मोजायची सवय गेली नाही. आज किती जण वर गेले आणि त्यांतले किती खाली आले, हे तो रोज संध्याकाळी सांगायचा. जांदीरा म्हणायची, की वर राहिलेले बिचारे जेवले का, तेही विचारून ये.

जांदीराचं घर तिच्या वडिलांनी बांधलं होतं. ते गवंडी होते. रविवारी रविवारी विटा रचून सहा वर्षांत पुरं केलेलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगण आणि अंगणात जाबुतिकाबाचं झाड. या झाडाला फळं फांदीला लागत नाहीत, थेट खोडाला लागतात. काळी, गोल, बुंध्याला मणी चिकटवल्यासारखी. त्यांना मूलबाळ नव्हतं. फळांच्या दिवसांत गल्लीतली सगळी पोरं त्या बुंध्याला मुंग्यांसारखी चिकटलेली असत आणि जांदीरा दारात बसून नुसती बघायची.

एकाहत्तर साली शहर वेडं झालं. त्या वेळी जे जिवंत होते त्यांना सांगायला नको. बेल्मिरोच्या लिफ्टमध्ये लोक मजल्याचा आकडा सांगायच्या आधी शेअरच्या भावाचा आकडा सांगत. टॅक्सीवाल्यांनी टॅक्स्या विकल्या, दातांच्या डॉक्टरांनी खुर्च्या विकल्या. बेल्मिरोने आदल्या वर्षी आपली शिल्लक लावली होती, ती दुप्पट झाली होती. आणि कंपन्या फुकट नवे शेअर वाटत, त्यांना बाजारात ‘पिल्लं’ म्हणत. दहा शेअरला तीन पिल्लं, चार पिल्लं. बेल्मिरो हे सांगताना हाताने पिल्लांची उंची दाखवायचा.

“कोंबडीला होतात ती निदान खाता तरी येतात,” जांदीरा म्हणाली.

“तू रोज कोपऱ्यावर प्राण्यांच्या जुगारात फुलपाखराच्या आकड्यावर पैसे लावतेस, ते चालतं?”

“मी लावते ते दुसऱ्या दिवशी विसरता येतात. तू काय लावायला निघालायस ते मला दिसतंय.”

तिला बरोबर दिसलं होतं. मे महिन्यात त्याने घर विकायला काढलं. घर तिच्या नावावर, तेव्हा सही तिची लागणार होती. आठ दिवस ती बोलली नाही. नवव्या दिवशी तिने सही केली, पण एक अट घालून. ज्या दिवशी शेअरांच्या पैशांत डोक्यावर स्वतःचं छप्पर येईल, मग ते केवढंही असो, त्या दिवशी शेअर विकायचे. एक दिवसही थांबायचं नाही. बेल्मिरोने माझ्यासमोर तिला शब्द दिला. घर औषधाच्या दुकानवाल्या पास्कोआलने घेतलं. अर्ध्याहून जास्त पैसे मासे गोठवून विकणाऱ्या एका नव्या कंपनीत गेले, बाकीचे चार ठिकाणी. दोघं त्याच गल्लीच्या टोकाला, सहा बिऱ्हाडांच्या चाळवजा घरात एका खोलीत भाड्याने राहायला गेली. कपडे धुवायची टाकी सहा बिऱ्हाडांत एक. शिवणाचं यंत्र खोलीत मावेना, म्हणून ते आमच्याकडे आणून ठेवलं.

जूनमध्ये बाजार पडायला लागला.

पहिले दोन महिने तो म्हणाला, दम घेतोय. डिसेंबरपर्यंत लिफ्टमध्ये कुणी बोलेनासं झालं. लोक दाराकडे तोंड करून उभे राहत. चौथ्या मजल्यावरचा एक दलाल वर गेला तो खाली आलाच नाही, जिन्याने उतरून गेला असेल. पण बेल्मिरो त्या दिवशीचा हिशेब लागेना म्हणून मला तीनदा सांगत होता. तो वाळला. जेवताना काटा हातात धरून बसून राहायचा.

बहात्तरच्या मार्चमध्ये पास्कोआल स्वतः जांदीराकडे आला. माणूस वाईट नव्हता. त्याने घराचे दोन भाग पाडले होते. पुढचा भाग तो ठेवणार होता. मागचं स्वयंपाकघर, एक खोली आणि झाडासकट अंगण विकायचं होतं. आधी तुम्हाला विचारतो, म्हणाला. सांजांवच्या सणापर्यंत थांबतो, जूनच्या चोवीस तारखेपर्यंत. नंतर एक मोटार दुरुस्तीवाला तयार आहे.

तो मागत होता ती रक्कम आणि बेल्मिरोच्या उरलेल्या शेअरांची त्या दिवशीची किंमत जवळजवळ सारखी होती. जांदीराने ते दोन्ही आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहिले आणि कागद त्याच्या ताटाखाली ठेवला.

शब्द पाळायचा तर दुसऱ्याच दिवशी विकायला हवं होतं. बेल्मिरो विकू शकला नाही. आख्खं घर देऊन मागची खोली परत घ्यायची, हे त्याच्या गळ्याखाली उतरेना. पुढच्या भागात पास्कोआलची माणसं जेवत असतील आणि आपण आपल्याच मागच्या दाराने येजा करायची. सांजांवपर्यंत वेळ आहे, तो म्हणाला. तोवर मी नीट माहिती काढतो.

ती माहिती काढण्याची गोष्ट लिफ्टमध्ये सुरू झाली. नवव्या मजल्यावरचे एक वृद्ध वकील उतरता उतरता पुटपुटले, की पुन्हा खोगिरांचाच बाजार झाला. बेल्मिरोने विचारलं, म्हणजे काय साहेब? ते म्हणाले, ऐंशी वर्षांपूर्वी याच शहरात असंच झालं होतं. शर्यतीआधी घोड्यांवर खोगीर चढवतात त्या जागी जुगाऱ्यांची जशी झुंबड उडते, तशी शेअरांवर उडाली होती, म्हणून लोकांनी त्या वेडाला ते नाव दिलं होतं. मग काय झालं, बेल्मिरोने विचारलं. वकील हसले. “जुनी वर्तमानपत्रं वाच,” म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या कुणी हे बोलणं सोडून दिलं असतं. बेल्मिरोची पाळी दुपारी बाराला सुरू व्हायची. दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी राष्ट्रीय ग्रंथालयात जायला लागला. तिथल्या संगमरवरी जिन्याला तो आधी घाबरला होता, हे त्याने मला नंतर सांगितलं. नियतकालिकांच्या विभागात दोना ओफेलिया नावाची कडक बाई होती. तिने त्याला हात धुवून यायला लावलं, शाईचं पेन काढून घेतलं आणि पेन्सिल दिली. अठराशे एक्याण्णवचा खंड इतका ठिसूळ झाला होता, की तो अर्ध्या तासाच्या वर कुणाला मिळत नसे. नंतरच्या वर्षांचे खंड बऱ्या कागदाचे होते, ते हवा तेवढा वेळ बघता यायचे. ही अर्ध्या तासाची गोष्ट मी मुद्दाम लिहितो आहे.

पहिले काही आठवडे तो वेगळाच माणूस झाला. रविवारी चौकात डोमिनो खेळताना सोंगट्या हातात धरून तो आम्हाला ऐंशी वर्षांपूर्वीच्या बातम्या सांगायचा. सरकारने बँकांना नोटा छापायची मुभा दिली होती. रोज सकाळी नव्या कंपन्या निघत. काहींना कारखाना नाही, जमीन नाही, नुसती सुंदर पाटी. नोकरचाकर, विधवा, पाद्री, सगळे बाजारात. आणि ते कोसळल्यावर पुढच्याच वर्षी आमच्याच भागातल्या जुन्या प्राणिसंग्रहालयात प्राण्यांच्या आकड्यांचा जुगार सुरू झाला, जांदीरा लावते तो. हे कळल्यावर तो धावत घरी गेला होता. बघ, तुझं फुलपाखरू माझ्या शेअरांचं धाकटं भावंड आहे, म्हणाला. ती हसली नाही. “तू मेलेल्या लोकांचे भाव वाचतोयस, बेल्मिरो,” ती म्हणाली. “आपलं भाडं जिवंत माणूस घेतो.”

मला मात्र त्याचं कौतुक वाटायचं. तो चौथीपर्यंत शिकलेला, मीही तेवढाच. मी आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलेलं शिशात जुळवलं. हा माणूस साठीला टेकून, कुणी न सांगता, इतिहास शिकत होता. आणि त्याला इतिहासाकडून एकच गोष्ट हवी होती. त्या वेळी जे थांबले, त्यांचे पैसे परत आले का?

मे महिन्याच्या अखेरीस त्याने शाळेची एक वही माझ्या हातात दिली. आत पेन्सिलने आखलेला तक्ता होता. सव्वीस कंपन्या: बँका, कापड गिरण्या, बोटी, घोड्यांची ट्राम. प्रत्येकीसमोर एक्याण्णवचा चढा भाव, मग पडलेला भाव, मग चार वर्षांनंतरचा. सव्वीसपैकी एकोणीस जुन्या भावाला परत आल्या होत्या. त्यांतल्या सहा तर वर गेल्या होत्या. खाली त्याने दोनदा अधोरेखित केलं होतं: जो थांबला त्याचं परत आलं.

“तू आकड्यांच्या ओळी रोज बघतोस, कोंपाद्री. मला मान डोलावणारा नको, तपासणारा हवाय. बेरीज-वजाबाकी तपास. बरोबर निघालं तर मी थांबतो, आणि जांदीराला तिचं आख्खं घर परत देतो. नाही निघालं तर उद्याच विकतो.”

वर्षभरात पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर तजेला दिसत होता.

मी वही छापखान्यात नेली. जेवणाच्या सुट्टीत हिशेबाच्या यंत्रावर एकेक ओळ तपासली. एकही चूक नव्हती. कंडक्टरचीच वही ती.

सुट्टी संपल्यावर मी कामाला बसलो. त्या दिवशी बाजारभावाचं पान माझ्याकडे होतं. हे पान रोज नव्याने जुळवत नसत. प्रत्येक कंपनीची शिशाची एक ओतीव ओळ असे. भाव बदलला की तेवढी ओळ नवी ओतायची, बाकीच्या तशाच उभ्या राहत. एखाद्या कंपनीचा सौदा झाला नाही तर भावाच्या जागी आडवी रेघ यायची. काही आठवडे रेघच येत राहिली, की मुकादम चिठ्ठी पाठवायचा: अमुक ओळ काढा. मी चिमट्याने ओळ उचलायचो, खालच्या ओळी वर सरकवायचो आणि काढलेली ओळ वितळवायच्या भांड्यात टाकायचो. पान पुन्हा भरल्यासारखं दिसायचं. अमुक कंपनी बुडाली असं तिथे कुठेही छापलं जायचं नाही. त्या दुपारी तीन ओळी काढायची चिठ्ठी होती. तिसरी ओळ भांड्यात टाकली आणि माझा हात तिथेच थांबला.

त्या वहीत रेघेवर संपलेली एकही कंपनी नव्हती.

मी उठून पुन्हा वही उघडली. सव्वीसच्या सव्वीस पहिल्या यादीतही होत्या आणि शेवटच्या यादीतही. मग पहिल्या यादीत एकूण होत्या तरी किती? ते वहीत कुठेच नव्हतं. तेवढा एक प्रश्न मी त्याला विचारायला हवा होता.

मी विचारला नाही. त्याची कारणं मी गेली कित्येक वर्षं स्वतःला सांगतो आहे. मला वाटलं, त्याने तीन महिने ग्रंथालयात काढलेत आणि मी एका दुपारच्या शंकेवर त्याला काय शिकवणार? वाटलं, हा विचार त्याने केलाच असेल, मलाच समजत नसेल. आणि त्याच्या चेहऱ्यावरचा तो तजेला. संध्याकाळी वही परत देताना मी म्हणालो, बेरीज बरोबर आहे. तेवढंच. त्याने मला मिठी मारली.

दोन दिवसांनी जांदीराने मला टाकीपाशी गाठलं. मी शिवणाच्या यंत्राचा पट्टा मिळाला हे सांगायला गेलो होतो. तिचे हात कोपरापर्यंत साबणात होते.

“कोंपाद्री, तो म्हणतो तुम्ही तपासलंत.”

“हो.”

“मला आकडे कळत नाहीत. त्याचा मला आता भरवसा नाही, तुमचा आहे. पास्कोआलला नाही म्हणून सांगू?”

मी टाकीतल्या पाण्याकडे बघत होतो. “आकडे बरोबर आहेत, कोमाद्री,” मी म्हणालो.

तिने हात पाण्यातून काढले, झग्याला पुसले आणि तशीच पास्कोआलच्या दुकानाकडे गेली.

सांजांवच्या दिवशी गल्लीत नेहमीसारखी शेकोटी पेटली, कणसं भाजली गेली. मोटार दुरुस्तीवाला जुलैत आला. त्याला गाड्या उभ्या करायला जागा हवी होती. त्याने जाबुतिकाबाचं झाड तोडलं. ते लाकूड कठीण, दोन दिवस लागले. जांदीरा ते दोन दिवस खोलीचं दार लावून बसली. उन्हाळा होता का हिवाळा हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, असं तिची शेजारीण म्हणाली.

बेल्मिरो थांबला. भाव पडत राहिले, तो वहीतल्या त्याच महिन्यावर बोट ठेवायचा: बघ, तेव्हाही पडले होते, अजून सव्वीस महिने आहेत. महागाई वाढत होती, ती त्याच्या तक्त्यात नव्हती. जांदीरा घरोघरचे कपडे आणून इस्त्री करायला लागली. खोलीभर इतरांचे शर्ट टांगलेले असत आणि ती दोघं त्यांच्या खालून वाकून जात.

त्र्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये मुकादमाची चिठ्ठी आली. एकच ओळ काढायची होती. मासे गोठवणारी कंपनी. तिच्यासमोर नऊ आठवडे रेघ होती. ती रेघ मीच रोज बघत होतो, आणि बेल्मिरो विचारायचा तेव्हा म्हणायचो, सौदे कमी होताहेत. मी ओळ चिमट्याने उचलली. भांड्यात टाकली नाही. रुमालात गुंडाळून खिशात घातली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालयात गेलो; बेल्मिरो अजूनही रोज तिथे जायचा.

तो त्याच्या जागेवर होता. मी ओळ त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. शिशातली अक्षरं उलटी असतात; त्याला वाचता येईना. मी वाचून दाखवली. मग ओळ का काढतात, कशी काढतात, ते सांगितलं. हळू आवाजात, कारण दोना ओफेलिया बघत होती. बोलताना मी एकदाही वर पाहिलं नाही.

उठून त्याने एक्याण्णवचा खंड मागून आणला आणि भावाचं पान उघडलं. पहिल्या ओळीवर बोट ठेवून तो खाली उतरायला लागला, ओठांतल्या ओठांत मोजत, एकेका नावाला अंगठा किंचित ओढत. जशी दोरी ओढायचा. दोनशे अकरा. मग त्याने चार वर्षांनंतरचं पान शेजारी ठेवलं. त्यात त्याचीच ती सव्वीस नावं.

“अर्धाच तास द्यायचे ना हा खंड,” तो म्हणाला. “म्हणून मी उलटं केलं. नंतरच्या यादीतली नावं आधी उतरवून घ्यायचो आणि इथे येऊन तेवढीच शोधायचो. वेळ वाचायचा.” मग म्हणाला, “मी बसलेलेच मोजले रे.”

त्याने वहीच्या कोपऱ्यात वजाबाकी मांडली.

“एकशे पंच्याऐंशी उतरून गेले आणि मला एकाचाही चेहरा आठवला नाही. मला.” त्याने पेन्सिल खाली ठेवली. “तुला हे कधी कळलं?”

खोटं बोलता आलं असतं. ओळ कालच निघाली होती.

“वही दिलीस त्याच दुपारी,” मी म्हणालो.

त्याने वही मिटली. मला वाटलं ओरडेल, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं. पण कोंपाद्रीशी भांडायचं नसतं, हे आमच्या पिढीच्या हाडात असतं.

“जांदीराला तू सांग,” तो म्हणाला. “माझ्याच्याने होणार नाही.” आणि पाळीची वेळ झाली होती म्हणून निघून गेला.

मी तसाच तिच्याकडे गेलो. ती इस्त्री करत होती. टांगलेल्या शर्टांमुळे मला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, आणि त्यामुळेच बोलता आलं. दोनशे अकरा, सव्वीस, शिशाची ओळ, ती दुपार, सगळं सांगितलं. ती इस्त्री फिरवत ऐकत होती. एक बाही संपली, दुसरी घेतली.

“म्हणजे टाकीपाशी मी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं.”

“शंका होती.”

“आणि आकडे बरोबर होते.”

“हो.”

“मग तुम्ही खोटं नाही बोललात,” ती म्हणाली. तिने शर्ट घडी करून बाजूला ठेवला. “दार ओढून घ्या, सेउ ओतासिलिओ. धूळ येते, लोकांचे कपडे आहेत.”

‘सेउ’ आम्ही दुकानदाराला लावतो, टॅक्सीवाल्याला, ज्याच्याशी काही नातं नाही अशा कुणालाही. अठरा वर्षांत तिने माझं नाव पहिल्यांदा घेतलं होतं.

बेल्मिरोने उरलेले शेअर विकले. त्यातून सात-आठ महिन्यांचं भाडं निघालं असेल. तो ग्रंथालयात मात्र जात राहिला, मरेपर्यंत, आणखी सहा वर्षं. वहीच्या मागच्या बाजूने त्याने नवी यादी सुरू केली होती: उतरून गेलेल्या एकशे पंच्याऐंशी कंपन्यांची. प्रत्येकीचं नाव, काय करणार होती, शेवटचा भाव कधी छापला गेला. कुणी विचारलं तर म्हणायचा, हे आधी करायला हवं होतं. त्याने कुणाला सल्ला दिला नाही, कुणी मागितलाही नाही. माझ्याशी तो डोमिनो खेळायचा, मला कोंपाद्री म्हणायचा, आणि भावाबद्दल पुन्हा कधीही काही विचारलं नाही. एकोणऐंशीच्या सप्टेंबरमध्ये तो त्याच खोलीत वारला. यादी एकशे बेचाळीसपर्यंत आली होती.

दफनानंतर मी शिवणाचं यंत्र परत आणून देऊ का, असं जांदीराला विचारलं. ती नको म्हणाली. मग गादीखालून वही काढून तिने माझ्यासमोर धरली.

“ही घेऊन जा, सेउ ओतासिलिओ,” ती म्हणाली. “इथे ठेवायला जागा नाही.”